पंखातलं इंधन हेडर टाकीत: आपोआप चढवावं की बटण दाबून?

खालच्या पंखांचं, घरी बांधलेलं दोन आसनी विमान, पंखांत दोन टाक्या आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीच्या) मागे, पायांच्या वर एक हेडर टाकी, म्हणजे इंजिनला थेट इंधन देणारी छोटी टाकी. ही मांडणी ज्यांची ठरली आहे त्यांच्यासाठी हा आढावा आहे. मांडीवर पेट्रोल घेऊन उडावं का, हा वाद जुना आहे आणि त्यात मी इथे पडत नाही. घरी बांधायच्या आरव्ही मालिकेतल्या विमानांसारखा डावी-उजवी-बंद असा एक व्हॉल्व्ह, इंजिनवरचा पंप आणि जोडीला विजेचा पंप, एवढ्यावर ज्यांचं भागतं त्यांना इंधन इकडून तिकडे चढवावंच लागत नाही. त्यांनी इथूनच परत फिरलं तरी हरकत नाही.

हेडर टाकीवाल्यांचं कारणही खरं आहे. केआर-२ या घरी बांधायच्या छोट्या विमानाच्या मूळ आराखड्यात टाकी एकच आणि तीही धडात. तिथून इंधन उतारानेच कार्ब्युरेटरला जातं. पुढे पल्ला वाढवायचा म्हणून लोकांनी पंखांत टाक्या केल्या. त्या सपाट आणि उथळ असतात. विमान जरा तिरकं घसरलं की तळातलं नळीचं तोंड उघडं पडतं आणि पंप हवा ओढतो. मध्ये हेडर टाकी असेल तर इंजिनला त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय विजेचं सगळं बंद पडलं तरी हेडरमध्ये जेवढं आहे तेवढं गुरुत्वाकर्षणाने मिळत राहतं.

प्रश्न उरतो तो पंखातलं इंधन वर कसं आणि कधी चढवायचं याचा. बोलायला सोपं जावं म्हणून काही आकडे धरतो: हेडर ४० लिटर, पंखांत प्रत्येकी ३५ लिटर, क्रूझमध्ये इंजिनचा खप ताशी १६ लिटर. पंप म्हणजे फॅसेट कंपनीचा तो टकटक करणारा छोटा चौकोनी विजेचा डबा. त्याच्या माहितीपत्रकात ताशी शंभराच्या पुढचा आकडा असतो, पण तो मोकळ्या नळीचा. साठ सेंटिमीटरचा चढ, गाळणी, दोन-तीन कोपरे आणि एक चेक व्हॉल्व्ह (इंधन एकाच दिशेने जाऊ देणारा) आला की मिनिटाला एक लिटर धरून चालावं. तुमचा आकडा बादली आणि घड्याळ घेऊन काढा. तो लागणारच आहे.

टॉगल, आणि टॉगलला टायमर

सर्वांत साधा मार्ग: फ्यूज, टॉगल स्विच, पंप. बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही, माणूस सोडला तर. पंप चालू करून वैमानिक रेडिओवर बोलू लागतो, नकाशात डोकावतो आणि हेडर भरून वाहू लागते. मिनिटाला एक लिटर, म्हणजे अर्ध्या तासात ३० लिटर, जवळजवळ एक पंख रिकामा. ते व्हेंटमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या नळीतून, बाहेर जातं, पोटाखाली निळसर डाग सोडतं आणि व्हेंटचं तोंड एक्झॉस्टजवळ असेल तर काय होऊ शकतं ते सांगायला नको. व्हेंटची नळी बारीक असेल तर आणखी एक गंमत होते: इंधन बाहेर पडायला वेळ लागतो, हेडरमध्ये दाब चढतो आणि तो कार्ब्युरेटरच्या नीडल व्हॉल्व्हवर आणि टाकीच्या सांध्यांवर जाऊन बसतो.

म्हणून लोक टायमर लावतात. पंधराशे रुपयांच्या आतला डिले रिले (ठरलेल्या वेळाने आपोआप बंद होणारा स्विच), दहा मिनिटांवर लावलेला. हा उपाय वाटतो त्याहून बरा ठरतो, कारण त्याची चूक बहुतेक वेळा सुरक्षित बाजूला पडते. जमिनीवर इंजिन बंद असताना दहा लिटर चढायला दहा मिनिटं लागतात. हवेत त्याच वेळी इंजिन मिनिटाला पाव लिटरहून थोडं जास्त पीत असतं, त्यामुळे पातळी मिनिटाला पाऊण लिटरनेच चढते आणि तेच दहा लिटर भरायला जवळजवळ चौदा मिनिटं लागतात. टायमर आधी थांबतो, हेडर थोडी कमी भरते. पण टायमर मिनिटं मोजतो, लिटर नाही. गाळणी अर्धी तुंबली, व्होल्टेज १४ वरून १२ वर आलं, की दहा मिनिटांत सात लिटर चढतात आणि टायमर बिचारा वेळेवर बंद होतो. आणि हेडर आधीच जवळजवळ भरलेली असताना बटण दाबलं तर तो वाहून जाईपर्यंत थांबत नाही.

पंप सतत चालू, उरलेलं परत

हा मार्ग दिसायला सर्वांत देखणा. उड्डाणाआधी पंप चालू करायचा आणि उतरल्यावर बंद. हेडरच्या वरच्या कडेला एक परतीची नळी. जास्तीचं इंधन त्यातून खाली जातं. फ्लोट नाही, रिले नाही, हेडर कायम काठोकाठ. क्विकी क्यू-२ या घरी बांधायच्या विमानात हीच पद्धत होती: सीटखाली मुख्य टाकी, वर छोटी हेडर, मधला पंप चालूच, आणि ओसंडलेलं परत मुख्य टाकीत. तिथे ते शोभतं, कारण मुख्य टाकी एकच आहे. जिथून उचललं तिथेच परत जातं.

एरोकार्बसारखा फ्लोट-बाउल नसलेला कार्ब्युरेटर असेल तर या पद्धतीचा एक मोठा फायदा आहे. अशा कार्ब्युरेटरचं मिश्रण वरच्या इंधनस्तंभाच्या उंचीवर हलतं. हेडर निम्मी झाली की मिश्रण पातळ (हवेच्या मानाने इंधन कमी) होत गेलेलं जाणवतं. काठोकाठ हेडर म्हणजे उंची कायम.

दोन पंख असले की मात्र हिशेब फिरतो. पंप ताशी ६० लिटर चढवतो, इंजिन १६ घेतं, ४४ परत जातात. उजव्या पंखातून उचलून परतीची नळी डाव्यात सोडली असेल तर तासाला ४४ लिटर, म्हणजे जवळजवळ ३२ किलो, विमानाच्या एका बाजूकडून दुसरीकडे सरकतं. अर्ध्या तासातच स्टिक एका बाजूला धरून बसावं लागतं. आणि डावी टाकी आधीच भरलेली असेल तर परत येणारं सगळं डाव्या व्हेंटमधून थेट शेतात. यावर उपाय म्हणजे डुप्लेक्स व्हॉल्व्ह, जो ओढ आणि परत दोन्ही एकाच वेळी फिरवतो. असे व्हॉल्व्ह मिळतात, चांगले असतात, महाग असतात, आणि कॉकपिटमध्ये इंधनाच्या चार नळ्या जास्त आणतात. परतीची नळी चढवणाऱ्या नळीपेक्षा एक माप मोठी हवी: पाव इंची चढ असेल तर पाऊण नको, पण तीन अष्टमांश इंची परत हवीच, नाहीतर हेडरमध्ये पुन्हा तोच दाब.

या पद्धतीची दुसरी अडचण अशी की पंप बंद पडला तरी काही वेळ काहीच कळत नाही. हेडर कायम भरलेली बघायची सवय झालेली असते, तिच्या गेजकडे मग कोण बघतो. एक मुख्य टाकी असेल तर मी ही पद्धत नाकारणार नाही. दोन असतील तर जरा विचार करा.

पूर्ण स्वयंचलित: दोन फ्लोट आणि एक रिले

सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीला जो ऑटो कंट्रोलर असतो तोच हा. खालचा फ्लोट पंप सुरू करतो, वरचा बंद करतो. मधल्या काळात रिले स्वतःच्याच कॉन्टॅक्टवरून स्वतःला धरून ठेवतो. एकच फ्लोट वापरू नका. हवेतल्या हेलकाव्याने तो सेकंदाला दोनदा चालू-बंद होतो आणि पंप अडखळत राहतो. दोन फ्लोटमध्ये निदान आठ-दहा लिटरचं अंतर असावं.

फ्लोटच्या दांड्यात रीड स्विच असतो आणि फ्लोटमध्ये चुंबक. या रीड स्विचची ताकद किरकोळ असते, बहुतेकांची अर्धा अँपिअरच्या आसपास. पंप एक ते दीड अँपिअर ओढतो आणि वर कॉइलचा झटका देतो. फ्लोटमधून थेट पंप चालवला तर स्विचचे दोन पाते एकमेकांना वितळून चिकटतात, आणि ते चिकटतात ते चालू स्थितीत. फ्लोट वर जातो, पंप थांबत नाही. म्हणून फ्लोटने फक्त रिलेची कॉइल हलवायची. गाडीतल्या साध्या रिलेची कॉइल सुमारे दीडशे मिलिअँपिअर घेते, ते रीडला झेपतं. कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड टाकायचाच. तो नसेल तर कॉइल सुटताना येणारा झटका हळूहळू तेच काम करतो.

फ्लोट कशाचा आहे तेही पाहा. पॉलिप्रॉपिलीनचा फ्लोट पेट्रोलमध्ये फुगतो आणि दांड्यावर घट्ट बसतो. नायट्राइल किंवा स्टेनलेसचा घ्या. मोटार गॅसोलिन वापरणार असाल तर इथेनॉलचा विचार आधी करा. भारतात पेट्रोल पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, आणि रोटॅक्स ९१२ या छोट्या विमानांच्या इंजिनाची परवानगी १० टक्के इथेनॉलपर्यंतच आहे, हा मुद्दा इंजिनापुरता झाला. पण नळ्या, ओ-रिंगा, टाकीचं रेझिन आणि हे फ्लोट यांनाही ते इंधन सहन व्हावं लागतं. कपॅसिटिव्ह गेज असेल तर ते अ‍ॅव्हगॅसवर (विमानाच्या पेट्रोलवर) जुळवून इथेनॉलच्या पेट्रोलवर वाचू नका. इथेनॉलचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक पेट्रोलच्या कितीतरी पट असतो, गेज जास्त दाखवतं.

फ्लोट हेलकाव्यात नाचू नये म्हणून त्याच्याभोवती २५-३० मिलिमीटर व्यासाची एक उभी नळी बसवतात, तळाशी तीन मिलिमीटरचं एक भोक आणि वर हवेसाठी एक. आतली पातळी सावकाश बदलते. फ्लोट टाकीच्या लांबीच्या मध्यावर हवा. मागच्या भिंतीला लावला तर चढताना नाक वर झाल्यावर टाकी भरल्यासारखी दिसते आणि पंप लवकर थांबतो. आणि फ्लोट कायमचा रेझिनमध्ये गाडू नका. सहा स्क्रूंची झाकणपट्टी ठेवा. कधीतरी तो काढावाच लागतो.

काही जण फ्लोटऐवजी ऑप्टिकल सेन्सर घेतात. हलता भाग नाही, हे खरंच चांगलं. पण त्याचं प्रिझम कोणत्या प्लास्टिकचं आहे ते विचारून घ्या, काही प्लास्टिकना पेट्रोल खातं. आणि पारदर्शक फायबरग्लास टाकीत दुपारचं ऊन थेट प्रिझमवर पडलं तर तो गोंधळतो. बाहेरून चिकटवायचे कपॅसिटिव्ह सेन्सर फायबरग्लासवर चालतात, कार्बन फायबर किंवा अ‍ॅल्युमिनियमवर नाही.

हे सगळं नीट केलं तर यंत्रणा बिनबोभाट चालते. आणि माझी कुरकुर तिथेच आहे. ती फार बिनबोभाट चालते.

पॅनेलवर हिरवा दिवा असतो, पंप चालू असताना लागतो. तो दिवा पंपाच्या तारेला जोडलेला आहे. तो सांगतो की पंपाला वीज गेली. इंधन चढतंय की नाही हे तो सांगत नाही. पंपाचं डायफ्राम फाटलं, गाळणी तुंबली, पंखातली टाकी संपली, नळीत वाफ अडकली: दिवा लागलेलाच. जमिनीवर कान दिला तर फॅसेटची टकटक ऐकू येते, आणि हवा ओढायला लागला की ती टकटक जलद आणि पोकळ होते. हेडसेट घालून, इंजिन चालू असताना त्यातलं काहीही ऐकू येत नाही. पूर्ण स्वयंचलित पद्धतीत हा दिवा केव्हा लागला हेच कोणी पाहिलेलं नसतं. तो लागतो, विझतो, पुन्हा लागतो, आणि काही तासांनी डोळ्यांना दिसेनासा होतो. तो आत्ता तीन मिनिटं लागलाय की तेवीस, हे सांगता येत नाही. तीन असेल तर सगळं ठीक आहे. तेवीस असेल तर काहीतरी बिघडलंय. माझ्यापुरता निर्णय या एका गोष्टीवर झाला.

मायक्रोकंट्रोलर

याचं उत्तर म्हणून कोणी म्हणेल, दिव्याला मिनिटं मोजायला लावा. अगदी बरोबर. छोटा मायक्रोकंट्रोलर, दोन सेन्सर, एक मॉस्फेट (पंप चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच). खालचा सेन्सर सलग पाच सेकंद कोरडा राहिला तरच पंप चालू, आणि वीस मिनिटांत वरचा सेन्सर ओला झाला नाही तर लाल दिवा आणि हेडसेटमध्ये आवाज. डावा पंख आधी दहा लिटर, मग उजवा, असं आलटून पालटूनही करता येतं. वीस मिनिटांची ती एक ओळ या पूर्ण उपकरणातली सर्वांत किमती ओळ आहे.

मला यात अडतं ते तपासणीचं. प्रोग्रॅम अडकला तर काय होतं, रेडिओवर बोलताना सेन्सरच्या लांब तारा अँटेनासारखं काम करतात तेव्हा काय होतं, अल्टरनेटरची लाट आली तर काय होतं. सेन्सरच्या तारेवर ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि फेराइटचं कडं लावून, वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला तर तो पुन्हा सुरू करणारी सोय) चालू ठेवून बऱ्याच गोष्टी आटोक्यात येतात. ज्यांचा रोजचा उद्योगच हा आहे त्यांनी जरूर करावं. पण दहा वर्षांनी विमान विकलं तर नव्या मालकाला ती फाईल, तो कंपायलर आणि तुमचं डोकं या तिन्हींची गरज पडेल. रिलेची वायरिंग कोणताही ऑटो इलेक्ट्रिशियन वाचू शकतो.

सुरू आपण करायचं, बंद त्याने

पंखाचा पंप सुरू करायला एक दाब-बटण. दाबलं की रिले ओढला जातो आणि स्वतःला धरून ठेवतो. हेडर भरली की वरचा फ्लोट ती पकड तोडतो आणि पंप थांबतो. खालचा फ्लोट पंपाला जोडलेलाच नाही. तो फक्त एक तांबडा दिवा लावतो, स्वतःच्या फ्यूजवरून, हेडरमध्ये आठ लिटर उरल्यावर. १६ च्या खपाने तो अर्धा तास झाला.

सुरू करायला विसरलात तर तांबडा दिवा आहे. बंद करायला विसरलात तर फ्लोट आहे. आणि बटण तुम्ही दाबलं असल्यामुळे ते केव्हा दाबलं हे तुम्हाला ठाऊक आहे. हेडर ३० वर आली की दाबायचं असा नेम ठेवला तर हिरवा दिवा दर वेळी चौदाव्या मिनिटाच्या आसपास विझायला हवा. सतराव्या मिनिटाला लागलेलाच असेल तर गाळणी तुंबतेय. विसाव्याला लागलेला असेल आणि हेडरचं गेज खाली चाललं असेल तर त्या पंखातून काहीच येत नाहीये. वेगळा फ्लो सेन्सर न लावता पंपाची तब्येत कळते. बटण दाबताना एकदा गेज बघणं होतं, घड्याळ बघणं होतं, गुडघ्यावरच्या कागदावर एक आकडा पडतो. इंधनाची नोंद न करणाऱ्या माणसाकडूनही ती होऊन जाते.

जोडणीत एक बारकावा आहे आणि तो महत्त्वाचा. बटण फ्लोटच्या अलीकडे नको, थेट कॉइलला जोडा. फ्लोट फक्त पकडीच्या मार्गात ठेवा: १२ व्होल्टवरून रिलेचा एक कॉन्टॅक्ट, तिथून फ्लोट, तिथून कॉइल. पंप रिलेच्या दुसऱ्या, वेगळ्या कॉन्टॅक्टवर. म्हणजे दोन पोलचा रिले लागेल. एकाच कॉन्टॅक्टवर दोन्ही घेतलं तर पंपाचा झटका रीडवर येतो. सगळ्याच्या आधी ३ अँपिअरचा फ्यूज आणि एक टॉगल, कधी सगळंच मारून टाकायचं झालं तर.

या जोडणीचा फायदा उड्डाणाआधी दिसतो. हेडर भरलेली आहे, फ्लोट वर आहे, पकड तुटलेली आहे. बटण दाबून धरा: पंप टकटकतो, हिरवा दिवा लागतो. सोडा: दोन्ही बंद. दोन सेकंदांत पंप, रिले आणि फ्लोट तिघांची हजेरी लागली. बटण सोडल्यावरही दिवा लागलेलाच राहिला तर फ्लोट अडकलाय किंवा रीड चिकटलाय, आणि हे जमिनीवर कळलं. पूर्ण स्वयंचलित पद्धतीत वरचा फ्लोट अडकल्याचं कळतं ते पोटाखालचा निळा डाग पाहिल्यावर.

उलट बिघाड झाला, म्हणजे फ्लोटची तार तुटली, तर हेडर अर्धी असताना बटण दाबून सोडल्यावर दिवा टिकत नाही. मग अंगठ्याने बटण धरून ठेवायचं. कंटाळवाणं आहे, पण पंख भरलेला असताना इंधनावाचून उतरावं लागत नाही.

दोन पंखांना दोन पंप आणि दोन बटणं घ्या. एका पंपावर व्हॉल्व्ह फिरवण्यापेक्षा हे थोडं महाग पडतं, पण एक पंप गेला तरी दुसऱ्या पंखातलं हाती राहतं, आणि डावं-उजवं समतोल ठेवणं म्हणजे बटणं आलटून पालटून दाबणं. दोन्ही पंपांच्या नळ्या हेडरमध्ये वेगवेगळ्या आणि वरच्या बाजूने सोडा, तोंड पातळीच्या वर राहील अशी. एका टी-मध्ये जोडल्या तर चालू पंप दुसऱ्या बंद पंपातून इंधन समोरच्या पंखात ढकलतो, कारण आत चेक व्हॉल्व्ह नसलेला फॅसेट बंद असताना इंधन उलटं जाऊ देतो. तळातून सोडल्या तर पंप बंद झाल्यावर हेडर हळूहळू पंखात उतरते. दोन्ही ठिकाणी चेक व्हॉल्व्हने भागतं, पण चेक व्हॉल्व्हमध्ये एक केस अडकला की भागत नाही.

यालाही खोट आहेच. आत बसलेल्या माणसाला काहीतरी करावं लागतं. लांबच्या उड्डाणात वाहतूक दाट झाली की पंखाकडे लक्ष जात नाही आणि तांबडा दिवाच आठवण करतो. ज्यांना दर तासाभराने बटण दाबणं नको वाटतं, किंवा ज्यांच्या हेडरमध्ये जेमतेम १५ लिटर मावतात, त्यांच्यासाठी दोन फ्लोटची पूर्ण स्वयंचलित पद्धत जास्त सोयीची ठरेल. छोट्या हेडरला दर पंधरा मिनिटांनी हात लावणं व्यवहार्य नाही. तशी वेळ आली तर तिला निदान वीस मिनिटांचा डिले रिले आणि एक बझर जोडा.

कोणतीही पद्धत घ्या, एवढं करा

पंप टाकीच्या तळाशी किंवा त्याहून खाली बसवा. हे पंप ढकलतात चांगलं, ओढतात जेमतेम; उन्हात तापलेलं पेट्रोल ओढायला लावलं तर नळीतच वाफ होते. बाहेर पडणारं तोंड वरच्या बाजूला तिरकं. पंपाच्या आधी ७० मायक्रॉनच्या आसपासची गाळणी, आणि ती हात घालून काढता येईल अशा जागी. इनलेटची जाळी गच्च झाली आहे हे चौदा मिनिटांच्या हिशेबाने कळेल, पण साफ करायला पंख उतरवावा लागला तर कोणी साफ करणार नाही. इंधनाच्या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी नको. तिचे तंतू सुटतात आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. आट्यांना पेट्रोलला टिकणारी सीलिंग पेस्ट लावा, तीही पहिला आटा सोडून.

हेडरचं व्हेंट पंपाचा पूर्ण प्रवाह सहज बाहेर टाकू शकेल एवढं मोठं हवं, फ्लोटवर कितीही विश्वास असला तरी. त्याचं तोंड एक्झॉस्टपासून लांब, आणि जाळी लावलेलं. उभ्या असलेल्या विमानाच्या व्हेंटमध्ये गांधीलमाशी मातीचं घर करते.

आणि पहिल्या उड्डाणाआधी उताराची चाचणी. शेपूट खड्ड्यात घालून किंवा पुढची चाकं ठोकळ्यांवर चढवून विमान सर्वांत तीव्र चढाईच्या कोनात उभं करा, कार्ब्युरेटरची नळी काढून बादलीत सोडा, हेडरमध्ये थोडंसंच इंधन ठेवा. गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या मांडणीत टेकऑफच्या खपाच्या दीडपट प्रवाह यायला हवा. पंपावर चालणाऱ्यात सव्वापट. टेकऑफला ताशी २७ लिटर पिणारं इंजिन असेल तर गुरुत्वाकर्षणावर ताशी साडेचाळीस लिटर. मिनिटाला ६७५ मिलिलिटर, म्हणजे मोजपात्र आणि घड्याळ पुरेसं आहे. त्याच दिवशी पंखाचे पंपही एकेक करून बादलीत सोडून मोजा, एकदा अल्टरनेटरसारखं १४ व्होल्ट देऊन आणि एकदा फक्त बॅटरीवर. दोन्ही आकडे पॅनेलवर बटणांच्या शेजारी लिहून ठेवा.